उभा राहिलेला झेंडा

ये, बस असा सावलीला. तुझ्या ट्रकचं इंजिन गार होईस्तोवर कुठं जाणारेस? चहा तूच ओत. माझे हात हलतात, मी ओतला तर तुझी मांडी भाजेल. रोटी मोड, लाजू नकोस. तोवर तुला एक गोष्ट सांगतो. गोड नाहीये, आधीच सांगून ठेवतो. आणि तिच्यातला हरामखोर कोण म्हणून शोधत बसू नकोस. तो मीच.

हे माझे हात असे का हलतात? औषधानं. कपाशीवरच्या औषधानं. पण त्या औषधाला मी शिव्या देणार नाही बरं का. मी एवढासा होतो तेव्हा या दलदलीत डासांचं राज्य होतं. हिवतापानं माझे दोन भाऊ एकाच आठवड्यात गेले. मग सरकारी माणसं आली, पाण्यावर, भिंतींवर पांढरी पूड मारून गेली. पुढच्या उन्हाळ्यात गावात एकालाही हुडहुडी भरली नाही. माझी आई, इन्नोबत, त्या डब्याला हात लावून डोळ्यांना लावायची. तेव्हापासून औषध म्हणजे आमच्यात वाईट असूच शकत नाही, असं डोक्यात बसलं.

पुढं सामूहिक शेतीत सगळीकडं कपाशीच कपाशी झाली, आणि औषध मारायला विमान आलं. मी झेंडेवाला झालो. म्हणजे काय, तर शेताच्या कडेला झेंडा उभा धरून राहायचं. विमान झेंड्यावर नेम धरून येतं, डोक्यावरून फवारत जातं, की आपण पंचवीस पावलं सरकायचं, पुन्हा उभं. तोंडाला ओला फडका. संध्याकाळी धुतलं की झालं, असं आम्ही समजायचो. आणि वारा फिरला, तर झेंडा आडवा टाकायचा. मग वैमानिक फवारणी बंद करून परत फिरायचा. आख्ख्या गावात विमान थांबवायची ताकद एकट्या माझ्या हातात होती बघ. मुकादम सोदिकलासुद्धा ते जमत नव्हतं.

आता घरातलं सांगतो. वसंतात प्रत्येक घरात रेशमाचे किडे. तुला माहीतच आहे. आमच्या घरचे किडे सांभाळायची धाकटी भावजय, खुमोर. माझ्या भावाची, मामासोलीची बायको. लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नाही. किड्यांची अंडी ती पुरचुंडीत बांधून छातीशी धरून उबवायची. दहा दिवस. झोपायची पण उताणी, अंडी चेंगरू नयेत म्हणून. बायका चेष्टा करायच्या, "खुमोर, यंदा किती हजारांची आई होणार गं?" ती म्हणायची, "मोजून सांगते, बारशाला या."

त्या वर्षी आईनं तिला स्पष्ट सांगितलं होतं. "पोर देत नाहीस, निदान कोष तरी दे. यंदा मांडण्या भरून कोष निघाले तर राहा. नाहीतर बापाच्या घरी जा."

आई मस्करी करणारी बाई नव्हती.

किडे कात टाकून चौथ्या, शेवटच्या झोपेतून उठले. मग पाच-सात दिवस ते असा पाला खातात की खोलीत शंभर मेंढरं सोडल्यासारखा आवाज. खुमोर दिवसातून आठ वेळा कालव्यावर. कालव्याकाठची तुतीची रांग आमच्या घराला नेमून दिलेली, आणि तिला लागूनच कपाशी. नेमका त्याच आठवड्यात कपाशीला मावा लागला. कोवळी पानं वळून चिकट झाली. मी मुकादमाला म्हटलं, "सोदिक, चार दिवस थांब. किडे कोषात जाऊ देत."

तो म्हणाला, "चार दिवस? मावा तोवर रोजा धरणारे का?"

खरं सांगायचं तर त्याचं चुकीचं नव्हतं. चार दिवसांत पीक गेलं असतं.

खुमोर माझ्याकडं आली. हातात कोयता, डोक्यावर फांद्या. म्हणाली, "भाऊजी, विमान थांबत नाही म्हणे."

"नाही थांबत."

"मग मी काय करू? परसातल्या म्हाताऱ्या तुतीला एका दिवसापुरताच पाला आहे."

मी म्हटलं, "पोरी, घाबरू नकोस. वारा तुतीकडून कपाशीकडं असेल तर काही होत नाही. तू माझ्या झेंड्यावर नजर ठेव. उभा असला तर खुशाल पाला काप. आडवा पडला तर त्या दिवशी परसातला घाल."

"नक्की?"

"मी झेंडेवाला आहे का गाढव?"

हसली. म्हणाली, "ते आई ठरवतील."

सकाळी विमान आलं. वैमानिक मला खाली उतरून म्हणाला, "म्हाताऱ्या, दुपारच्या आत सगळं आटोपलं तर तुला वर नेतो एक चक्कर." मी तेव्हा चाळिशीचाही नव्हतो, पण त्या फडक्यात सगळेच म्हातारे दिसतात. वर! आमच्या गावात कुणी छपराच्या वर गेलेला नव्हता. माझं डोकंच फिरलं.

आठ फेऱ्या नीट झाल्या. नवव्या फेरीला माझ्या झेंड्याच्या कापडाचं टोक फिरलं. वारा कालव्याकडं. पांढरा धूर सरळ आमच्या तुतीवर जाऊन बसला. मी डोळ्यांनी बघितला. झेंडा आडवा टाकायचा, बस. हात खाली आलाही थोडा. आणि मग वाटलं, राहिल्यात किती, तीनच फेऱ्या. एवढ्याशा धुरानं काय होतंय.

उभा धरला.

आणि गेलो वर. गाव तळहाताएवढं. आमचं अंगण दिसलं, कालवा दिसला, आणि तुतीखाली खुमोर. फांद्या कापत होती. विमान बघून तिनं हात हलवला. मीसुद्धा हलवला. अरे, मी हसत होतो!

संध्याकाळी दारात तिनं विचारलं, "भाऊजी, वारा बरा होता ना?"

"बरा होता," म्हटलं.

सकाळी खोलीत आवाज नव्हता. किडे डोकी वर काढून झुलत होते, हिरवं ओकत होते, अंग आखडून सुरकुत्या पडत होत्या. दुपारपर्यंत मांडण्याच्या मांडण्या काळ्या. खुमोर एकेक उचलून ओंजळीत घेत होती, त्यावर फुंकर घालत होती.

सोदिक बघून गेला. म्हणाला, "औषधानं मेले असते तर गावातल्या सगळ्यांचे मेले असते. फक्त तुमचेच कसे?" त्या रांगेचा पाला फक्त आमचा, हे मला माहीत, तिला माहीत. तिनं माझ्याकडं बघितलं. मी चहाच्या वाटीत बघितलं.

आईनं नजर उतरवायचं हरमलचं बी पेटवून घरभर धूर केला आणि तिच्यासमोर उभी राहिली. "वांझेची नजर. रोज आठ वेळा त्यांच्याकडं टक लावून बघत होतीस. खाल्लेस तू."

मामासोलीनं गाढव जुंपलं. गाढवगाडी कुणी हाकली तिला पोचवायला? मीच.

वाटेत अर्ध्यावर तिनं विचारलं, "भाऊजी, झेंडा उभा होता ना?"

"होता."

"मग खरंच माझी नजरच."

मी गाढवाला चाबूक मारला.

त्या वर्षी कपाशी अशी पिकली की गावाला बक्षिसाचं लाल निशाण मिळालं, नवी शाळा मिळाली. कालव्यातले मासे पोट वर करून गेले, गोठ्यातल्या पाकोळ्या परत आल्याच नाहीत, पण शाळा अजून उभी आहे. मामासोलीची दुसरी बायको आली, तिला तीन पोरं झाली. आई मरेस्तोवर सांगायची, "बघितलंत? नजर गेली, घर भरलं."

खुमोर रिश्तानला आहे, भावाच्या घरी. म्हातारी झाली. कुणाचं तान्हं पोर समोर आलं की हातानं डोळे झाकून घेते म्हणे. पोराला लागू नये म्हणून. चाळीस वर्षं झाली.

मी दोनदा तिच्या फाटकापर्यंत गेलो. दोन्ही वेळा खरबूज विकत घेऊन परत आलो.

तुझा ट्रक रिश्तानवरनंच जातो ना? मग माझं एवढं कर. कुंभारवाड्यात विचार, खुमोर कुठं राहते म्हणून. तिला सांग, एर्गशभाऊजीनं सांगितलंय, वारा फिरला होता. तिनं डोळे झाकले असले तर थांब थोडा. हात खाली घेऊ दे तिला, आणि मग पुन्हा एकदा सांग.