आबासाहेबांचं फाटक

कोल्हारच्या आबासाहेबांनी कुणाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतल्याचं गावात कुणालाच आठवत नाही. सून स्नेहल नगरहून फोनवर बोलत होती, तेव्हाही ते "हां, हां" म्हणत खुर्चीतून उठलेसुद्धा होते. तिची रजा संपत आली होती. नात संस्कृती नुकतीच रांगायला लागली होती आणि थोडे दिवस ती कोल्हारला राहावी म्हणून आबासाहेबांचा जीव नुसता टांगणीला लागला होता. पण घर वरच्या मजल्यावर, खाली खताचं दुकान आणि मधे उभा जिना. त्यामुळे स्नेहलने अट घातली होती, की जिन्याच्या तोंडाशी फाटक बसवा, मगच पोरगी ठेवीन.

"भिंतीत स्क्रूने पक्कं बसवायचं घ्या. नुसतं दोन भिंतींत ताणून अडकवायचं मिळतं, ते जिन्यावर नको."

"ताणून अडकवलेलं तर करडूबी पाडील," आबासाहेब म्हणाले.

"हो ना. आणि आबा, बसवताना उघडायची बाजू तेवढी..."

"कळलं, कळलं." फोन बंद.

फाटक आलं, छान पांढरंशुभ्र. "हर्षल येईस्तवर थांबा की," असं पुष्पावतीबाई म्हणाल्या. पण लेकाची वाट बघतील ते आबासाहेब कसले! गोठ्याची सगळी फाटकं त्यांनी स्वतःच्या हाताने बसवलेली. ड्रिल मशीन मागून आणलं, भिंतीला भोकं पाडली, स्क्रू आवळले आणि अंगाचा सगळा भार टाकून फाटक हलवून पाहिलं. तसूभर हललं नाही. नवं दार म्हणून बाईंनी त्याला हळदकुंकू लावलं. आबासाहेब दिवसभर येताजाता त्याच्याकडे कौतुकाने बघत होते.

रविवारी स्नेहल पोरीला घेऊन आली. "आधी फाटक बघते, मग पिशव्या काढू," असं म्हणत ती वर गेली. आबासाहेबांनी फाटक गदागदा हलवून दाखवलं आणि पेढे आणायला म्हणून जिन्यावर उतरले. मागे खट्‌कन फाटक लावून घेतलं.

स्नेहलने उघडायला हात घातला, तर खटका पलीकडच्या बाजूला, जिन्याकडे. पोरीला कडेवर घेऊन तिला फाटकावरून ओणवं व्हावं लागलं. खटका दाबला तसं फाटक धाडकन पायऱ्यांवर उघडलं आणि तिचा तोल जाता जाता राहिला.

आबासाहेब खालून बघत होते. त्यांच्या सगळं ध्यानात आलं. गोठ्याचं फाटक बाहेर उघडतं आणि कडी माणसाच्या बाजूला असते, कारण आत जनावरं असतात. त्यांनी इथेही तसंच बसवलं होतं.

"मला वाटलं, मुद्दामच तसं बसिवलंय," पुष्पावतीबाई म्हणाल्या. "या घरात कडी बाहेरूनच असती. मला सवय हाय."

'जरा वाकलं तर काय होतंय!' हे वाक्य आबासाहेबांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण स्नेहलने पोरीला किती घट्ट धरलंय ते त्यांना दिसलं आणि ते पायऱ्या चढून वर आले.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

पुन्हा मशीन आलं. या खेपेला ते एकेक भोक पाडण्याआधी "सुनबाई, हितं का?" असं विचारत होते आणि ती सांगेल ते पुरतं ऐकून घेत होते. भिंतीवर जुन्या भोकांची चाळण झाली, पण फाटक आता घराच्या बाजूला उघडायला लागलं. खटकाही अलीकडे आला. स्नेहलने पोर कडेवर ठेवून एका हाताने ते उघडून पाहिलं, लावून पाहिलं.

"आबा, पिशव्या काढा गाडीतनं."

"म्हंजी फाटक पास?"

"फाटकाचं काय, ते हर्षलनेही येऊन नीट केलं असतं. तुम्ही माझं ऐकाल की नाही, याचीच मला धास्ती होती."

आबासाहेबांनी नातीला घेतलं.

"सुनबाई, मगाशी हे काय म्हनाले गं?" पुष्पावतीबाईंनी विचारलं. त्या तर तिथेच हातभर अंतरावर उभ्या होत्या. "परत म्हनायला लाव. मला नीट ऐकू न्हाई आलं."

स्नेहलने हसू दाबलं. आबासाहेबांनी घसा खाकरला, नातीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि बायकोकडे बघत म्हणाले, "चुकलं माझं."