बेटावरच्या डब्याला आलेली किळस

मी एक जुना, पोचे पडलेला स्टीलचा डबा आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला किळस फार लवकर येते.

माझा जन्म नागपूरचा. दुकानदाराने झाकणावर 'पद्मिनी' असं कोरलं आणि त्या नावाच्या बाईबरोबर मी हवाईतल्या एका लहान बेटावर आलो. पद्मिनी आणि तिचा नवरा मनोहर एकाच हॉटेलात कामाला होते. बेटाचं सगळं पोट पर्यटकांवर. २००१च्या सप्टेंबरमधल्या विमानहल्ल्यांनंतर विमानं रिकामी येऊ लागली आणि एका आठवड्यात दोघांची नोकरी गेली. आता बेटावर स्वतःचं काहीतरी उभं करायचं, नाहीतर दूर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर, अल्फारेटाला धाकट्या दिराच्या बेसमेंटमध्ये जाऊन राहायचं. त्या बेसमेंटच्या नुसत्या विचाराने पद्मिनीला जेवण जायचं नाही.

शेजारच्या लेहुआ या हवाईयन बाईच्या शेतात अळू होतं. पद्मिनी तिला माझ्यातून भाजी पाठवायची. आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो, हे पद्मिनीने तिला एकदाच सांगितलं होतं. तेव्हापासून मी अळूची पानं घेऊनच घरी यायचो.

"आम्हीही ही पानं खूप वेळ शिजवतो," लेहुआ म्हणाली. "नाहीतर घसा धरतो."

त्या पानांच्या वड्या बंदरावरचे लोक मागून नेऊ लागले.

तेवढ्यात बेटावरच्या लोकांना उद्योजकता शिकवायला मुख्य भूमीवरच्या ॲन आर्बर शहरातून राजीव आला. चार दिवसांचं शिबिर, पद्मिनीनेही नाव घातलं. खिडकीबाहेर खरा समुद्र असताना हा भिंतीवर प्रोजेक्टरने समुद्राचं चित्र दाखवत होता. जेवण थर्मोकोलच्या खोक्यांतून. शिबिर सुटलं की ती चिकट खोकी वाळूत लोळायची आणि त्यांवर माशा बसायच्या. मला किळस आली.

शेवटच्या दिवशी हॉटेलचे मॅनेजर पद्मिनीच्या वड्यांची चव घ्यायला येणार होते. पसंत पडलं तर रोजची ऑर्डर.

"ताई, चिंच स्किप करा. टुरिस्टला आंबट आवडत नाही," राजीव म्हणाला. "आणि एवढा वेळ कोण वाफवतं यार? दहा मिनिटांत बॅच काढा."

"अहो, अळू आहे ते. खाजतं."

"मी पुण्याचा आहे, ताई. लहानपणापासून खातोय."

खात होता, पण स्वतः वडी एकदाही केली नव्हती. पण शिकलासवरलेला माणूस सांगतोय म्हणून पद्मिनीने ऐकलं. मॅनेजरनी वडी तोंडात टाकली आणि गळा धरला. खोलीभर खाकरणं सुरू झालं. सगळ्यांत आधी राजीवने घास नॅपकिनमध्ये थुंकला, तो बोळा उघड्या माझ्यात टाकला, आणि मग बाकीच्यांनीही टाकले. मित्रांनो, मी अन्नाचा डबा आहे.

ऑर्डर गेली. पद्मिनीने मला तीनदा घासलं आणि पालथं ठेवलं.

"अल्फारेटाला फोन करू का?" मनोहरने विचारलं.

सकाळी लेहुआ पानं घेऊन आली आणि बंदरावरची माणसं वड्यांची वाट बघताहेत म्हणाली. पद्मिनीने चिंच भिजत घातली. मनोहरने फोन केलाच नाही.

पुढे माझ्यासारखे चाळीस डबे झाले. बेटावरचे दवाखाने, शाळा, बंदर, सगळीकडे आम्ही गेलो, आणि पपई, लिंबं, कधी नुसतं एखादं फूल घेऊन परतलो. २००८च्या मंदीत पर्यटक पुन्हा आटले, हॉटेलात दिवे कमी झाले. आमची चूल चालू होती.

त्याच वर्षी राजीव पुन्हा आला. त्याच्या भिंतीवरच्या चित्रांत आता मी होतो, आणि खाली लिहिलं होतं, 'आमच्या शिबिराचं यश'. त्याने माझ्यातल्या सहा वड्या खाल्ल्या, चिंच घातलेल्या, आणि मला परत केलं. आत तेलकट बोटांनी ठेवलेलं त्याचं व्हिजिटिंग कार्ड होतं.

मित्रांनो, कुणाचा डबा आला तर धुऊन परत करा. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर घाला, तेवढ्यानेही आमचं पोट भरतं. पद्मिनीने ते कार्ड चिमटीत धरून कचऱ्यात टाकलं, मला विसळलं, आणि लेहुआची पानं माझ्यात भरली.