आईचं मागणं

नोव्हा स्वूप्या गावात डोंगराच्या पायथ्याला बस थांबली, तेव्हा बोग्नाला वाटलं, आपण उतरूच नये. रादोमच्या चर्चची म्हातारी मंडळी काठ्या, छत्र्या, डबे सांभाळत खाली उतरत होती. एका दिवसाची सहल. सकाळी लोखंड गाळायच्या पुरातन भट्ट्या बघून झाल्या होत्या. आता डोंगरावरचा पवित्र क्रुसाचा मठ, त्यामागचं दगडांचं उघडं रान, की परत घर. वाटाड्या म्हणून बोग्ना हा डोंगर इतक्यांदा चढली होती, की आता तो तिच्या गुडघ्यात येऊन बसला होता.

घरी नवरा, इग्नात्सी. अर्धांगवायूनं त्याची उजवी बाजू गेली, आणि त्याच्याबरोबर बोग्नाची झोप गेली. रात्रीतून उठून त्याला कुशीवर वळवायचं, पहाटे अंग पुसायचं, तोंडात लापशी भरवायची, नणंद आली की धावत बस गाठायची. दिवसभर लोकांना हसून गोष्टी सांगायच्या.

वाटेच्या तोंडाशी गुडघे टेकलेला दगडी यात्रेकरू आहे. बोग्नानं सवयीनं गोष्ट सांगितली: गर्वानं तो दगड झाला, दर वर्षी वाळूच्या कणाएवढा वर सरकतो, आणि माथ्यावर पोचेल त्या दिवशी जग बुडेल.

"मग चला, आपण त्याच्याआधी पोचू या!" फादर मार्सेली म्हणाले. मंडळी हसली. बोग्नाही हसली. दर खेपेचे फादर हेच म्हणत.

बीच आणि फरच्या झाडांच्या रानातून वाट वर जाते. सप्टेंबर सरत आला होता, धुकं पानांवरून ठिबकत होतं. बोग्ना सगळ्यांच्या मागे, पाय ओढत. अर्ध्या वाटेवर तिच्यापुढची एक बाई बाकावर बसली ती उठेचना. लेओकाद्या तिचं नाव. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काटक. दम लागल्यासारखी दिसत नव्हती.

"काय झालं हो? पाय दुखतात का?"

"पाय ठीक आहेत. पण मी वर येत नाही."

फादर वरून ओरडले, "चला, चला! देव वाट बघतोय!"

"देवाला म्हणावं, थांब जरा," लेओकाद्या पुटपुटली.

बोग्नानं फादरना हात करून पुढे व्हायला सांगितलं आणि तिच्याशेजारी टेकली. टेकल्यावर कळलं, आपल्यालाही बसायचंच होतं. लेओकाद्यानं पिशवीतून उकडलेलं अंडं काढलं, सोललं, अर्धं तिच्या हातावर ठेवलं.

"माझी आई शहाण्णव वर्षांची आहे," ती म्हणाली. "अंथरुणाला खिळलीय. डोकं मात्र वस्तऱ्यासारखं. आज शेजारीण बसलीय तिच्याजवळ, म्हणून मी सुटले. निघताना आई म्हणाली, तिथं क्रुसापुढे जा आणि माझ्यासाठी सुट्टी माग. पुरे झालं म्हणावं."

"सुट्टी म्हणजे…"

"मरण हो. दुसरी कसली सुट्टी देतात तिला?" लेओकाद्यानं मिठाची पुडी उलगडली, पुन्हा मिटली. "मी हो म्हणाले. बसमध्ये सगळे म्हणत होते, आईच्या तब्येतीसाठी मागा हं. मी मान डोलवत होते. आता इथवर आले आणि घोडं अडलं. मागितलं आणि ती खरंच गेली, तर ते मीच केलं म्हणायचं. नाही मागितलं, तर घरी जाऊन तिच्या तोंडावर खोटं बोलायचं. ती डोळ्यांत बघून ओळखते."

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

"तेच तर. मला वाटतं, ती जावी." लेओकाद्यानं वर बघितलं. "तिच्यासाठी की माझ्या झोपेसाठी, ते मला कळत नाही. म्हणून पाय उचलत नाहीत."

बोग्नानं उरलेलं अंडं रुमालात गुंडाळलं. झाडांवरून थेंब पडत होते. मग ती उठली. का उठली, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

"मी मागते तुमच्याऐवजी. आईचं नाव काय?"

"व्हालेरिया. पण तुमचा गुडघा…"

"त्याचं तो बघेल. तुम्ही इथं बसून थर्मासमधला चहा घ्या."

मठात पोचली तेव्हा मंडळी दगडांचं रान बघायला मागच्या अंगाला गेली होती. क्रुसाच्या लाकडाचा पवित्र तुकडा ठेवलेलं दालन रिकामं होतं. आजवर बोग्ना इथं कायम वेदीकडे पाठ करून उभी राहिली होती, माणसं मोजत. आज पहिल्यांदाच समोर तोंड करून उभी होती.

"व्हालेरियाबाईंना…" ती म्हणाली आणि थांबली. कारण त्या नावामागोमाग दुसरं नाव आपसूक जिभेवर आलं होतं. इग्नात्सी. काही रात्री, त्याचं जड अंग वळवताना, तिच्याही मनात येऊन गेलं होतं, की आता सुटू दे. कुणाला, ते मनानं कधी स्पष्ट केलं नव्हतं. आता इथं उभं राहून ते मागायचं म्हटलं, तर त्याचा डावा हात आठवला. उशी नीट करताना तिची बाही धरून ठेवणारा.

तिनं वेदीची कड घट्ट पकडली.

"हे माझं नाही," ती भरभर म्हणाली. "हे त्यांचं आहे. व्हालेरियाबाईंना जायचंय, पुरे झालंय त्यांना. तेवढं बघ. पण त्या कामासाठी माझ्या घरी येऊ नकोस. चुकूनही नको."

बाहेर पडल्यावर ती पायरीवर बसली आणि हुंदके देऊन रडली. दमलेलं माणूस रडतं तसं, कसल्याच विचाराशिवाय.

उतरताना लेओकाद्या बाकावरच होती. "मागितलंत?"

"मागितलं."

"मग आता ते माझ्यावर नाही ना?"

"नाही. माझ्यावर."

परतीच्या बसमध्ये लेओकाद्या तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. फादर मार्सेलींनी ध्वनिक्षेपकावर वाटाड्याबाईंचे आभार मानले, तरी ती जागी झाली नाही.

नाताळच्या आधी एका दुपारी फोन आला.

"आई ठणठणीत आहे," लेओकाद्या म्हणाली. "खसखशीचा रोल खाते आणि मला शिव्या देते. म्हणते, दुसऱ्याच्या तोंडून मागितलेलं देवाला लागत नाही. उन्हाळ्यात मला खुर्चीत घालून वर न्या, मीच बघते त्याच्याकडे."

बोग्ना हसता हसता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. "आणि तुम्ही?"

"तिला खरं सांगून टाकलं, की माझं धाडस झालं नाही. तेव्हापासून दर मंगळवारी शेजारणीला बोलावते. ती आली की मी झोपते. आई म्हणते, घोरतेस."

फोन ठेवून बोग्नानं इग्नात्सीला सगळं सांगितलं. त्यानं लक्ष देऊन ऐकलं. मग जडावलेल्या जिभेनं, एकेक शब्द ढकलत विचारलं, "माझ्यासाठी… काय… मागितलंस?"

"सांगितलं, आमच्याकडे फिरकू नकोस."

त्यानं डाव्या हातानं तिची बाही धरली. "बरं… केलंस," तो म्हणाला.

शेगडीवर बटाटे शिजत होते. बोग्नानं उठून गॅस बंद केला, एप्रन न काढताच त्याच्या डाव्या अंगाला आडवी झाली आणि त्याच्या आधी झोपली.