ताइस्तोने भरलेली शेवटची पेटी

मार्केत्ताचं पत्र ऑगस्टमध्ये आलं होतं आणि मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. ते खिडकीत, कॉफीच्या डब्याला टेकून उभं होतं. मार्केत्ता माझ्या धाकट्या भावाची, ताइस्तोची मुलगी. ताइस्तो मे महिन्यात, तळ्यावरचा बर्फ फुटत होता तेव्हा गेला.

तिने लिहिलं होतं : "काका, यंदा बाबांच्या जागी मी शिकारी क्लबबरोबर मूस हरणांच्या शिकारीला जाणार आहे. नेमबाजीची परीक्षा ओइवाकाकांच्या बंदुकीने पास झाले. बाबांची बंदूक मात्र त्रास देते. काडतूस घातल्यावर बोल्टचा दांडा जोर लावून बंद करावा लागतो. गोळी नीट सुटते, पण नंतर बोल्ट उघडत नाही, लाकडाने ठोकावा लागतो. काडतुसं बाबांनीच शेवटी भरलेल्या पेटीतली आहेत, म्हणजे दोष बंदुकीचाच. एक रिकामं काडतूस पाठवते. ओइवाकाका म्हणतात, दुकानात देऊन टाक. तुम्ही काय म्हणता?"

माझा जन्म वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेला. माझी काडतुसंसुद्धा ताइस्तोच घरी दारू-गोळी घालून भरायचा. ते काडतूस मी पाकिटातून बाहेर काढलंही नाही.

सप्टेंबरअखेर क्लबचा प्रमुख ओइवा आला. दारात बूट काढता काढता म्हणाला, "जिवंत आहेस?"

"आहे."

"उन्हाळाभर तुझ्या सॉनाच्या धुराड्यातून धूर दिसला नाही. म्हटलं, वास सुटायच्या आत बघून यावं."

मी कॉफी ओतली. त्याने वेलदोड्याचा पाव तीत बुडवला.

"शुक्रवारी मार्केत्ताला शहरात नेतोय. ती बंदूक देऊन दुसरी घेऊ. अडकणारी बंदूक मी शिकाऱ्यांच्या रांगेत येऊ देणार नाही. जनावर जखमी होऊन पळालं आणि दुसरी गोळीच आत जाईना, तर निस्तरायचं कोणी?"

"तिला द्यायची आहे का?"

"कसली द्यायची! डोळे पुसत बसलीये. पण म्हणते, काकांनी उत्तर दिलं नाही, म्हणजे त्यांचंही तेच मत असणार."

"मला त्यातलं काय कळतं?"

"एवढी कपाटं वाचून काढलीस, एकातही बंदूक नव्हती?" तो मोठ्याने हसला. मी हसलो नाही, तेव्हा त्याने आणखी एक पाव उचलला.

तो गेल्यावर मी काडतूस काढून भिंगाखाली धरलं. दारू जास्त झाली असती तर बुडाची, ठिणगी देणारी टोपी चपटी झाली असती. ती तशी नव्हती. काडतूस बसतं ते चेंबर गंजलेलं असतं तर पितळेवर लांब ओरखडे उमटले असते, तेही नव्हते. बोल्टची नखी ज्या कडेला धरून काडतूस ओढते, ती कडही फाटलेली नव्हती.

टोपीभोवती हिरवा रंग होता.

आत ओल शिरू नये म्हणून ताइस्तो टोपीला नेलपॉलिश लावायचा. आमच्याकडे बरेच जण लावतात, त्यामुळे मार्केत्ताला त्यात काही वेगळं वाटलं नसणार. पण आम्हा दोघांच्या बंदुका एकसारख्या, म्हणून त्याने रंग ठरवले होते. त्याची लाल. माझी हिरवी.

उडालेलं काडतूस फुगून त्या बंदुकीच्या चेंबरच्या मापाचं होतं. पुन्हा भरताना ताइस्तो फक्त त्याची गोळी धरणारी मान आवळायचा, बाकी अंग तसंच ठेवायचा, म्हणजे ते त्याच बंदुकीत चपखल बसे. माझं चेंबर केसभर मोठं आहे. माझी काडतुसं त्याच्या बंदुकीत कोंबावी लागणार, आणि उडाल्यावर अंग चोरायला जागा नसल्याने तिथेच घट्ट बसणार.

यंदा मी शिकारीला येणार नाही, असं मी त्याला एप्रिलमध्ये सांगितलं होतं. तरीही त्याने माझी पेटी भरली. हे लक्षात आल्यावर मी कॉफीचे कप धुतले आणि पुसून ठेवले.

मग कपाटातून माझी बंदूक काढून ते रिकामं काडतूस घालून पाहिलं. बोल्ट एका बोटाने बंद झाला, एका बोटाने उघडला. पण उडाल्यावर ते ताइस्तोच्या लहान चेंबरच्या मापाचं झालेलं, एवढ्याने काही सिद्ध होत नव्हतं. तरी कागद घेतला.

"मार्केत्ता, बंदूक देऊ नकोस. ती बहुधा ठीक आहे. हिरव्या टोपीची काडतुसं माझी आहेत, ती तुझ्या बंदुकीत घालू नकोस. लाल टोपीची शोध. चेंबर कोरडं पुसून ती नेमबाजीच्या मैदानावर उडवून बघ, आणि ओइवाला समोर उभं कर. बोल्ट एका हाताने उघडला तर बंदुकीत दोष नाही. नाही उघडला तर ठोकू नकोस, दुकानात दाखव आणि मी चुकलो असं समज. माझी पेटी मला आणून दे."

"बहुधा" खोडलं. पुन्हा लिहिलं.

बुधवारी टपालाची गाडी फाट्यावर थांबली. "तळ्यापलीकडे उद्या पोचेल ना?" मी विचारलं.

"दुपारपर्यंत," ड्रायव्हर म्हणाला. "तिकीट लावा की, आजोबा."

मी तिकीट लावलं आणि पाकीट त्याच्या हातात दिलं.