दोनदा ‘येतो’

आजची फेरी बिनतक्रार पार पडली, तर गाइडला खुर्ची मिळणार होती. तिकीटखिडकीमागची, गादीची, डोक्यावर पंखा असलेली. बदल्यात फक्त एक दिवस गोड बोलायचं. आणि जीभ त्याची कधीच थकली नव्हती. थकल्या होत्या त्या टाचा.

पारख करायला मालकांची बहीण जातीनं आली होती. सहलीच्या बसमध्ये पहिल्या सीटवर, दोघांच्या जागेत एकटी.

पहिल्या गावात होड्या झाल्या, दुसऱ्यात वाळत घातलेली मासळी. लोकांनी नाकाला रुमाल लावून फोटो काढले. गाइडने रोजचे विनोद रोजच्याच वळणांवर टाकले; ड्रायव्हर तर आताशा विनोदाच्या आधीच हसून मोकळा व्हायचा. पण शिंपल्यांच्या माळेसाठी बहिणीने इतकी घासाघीस केली, की तिसऱ्या गावात पोचेपर्यंत उन्हं कलली. तिथेच घोळ झाला. त्याची काकू भर दुपारी, रोज बस यायची त्या वेळी, झोपलेली असायची आणि उन्हं कलली की जाळं सांधायला खडकाच्या सावलीत येऊन बसायची.

खडक म्हणजे सहलीचं नाक. एकदा बस पंक्चर झाली, लोक कुरकुरायला लागले, तेव्हा गाइडने तिथल्या तिथे गोष्ट रचली होती: एक कोळी पहाटे निघताना ‘येतो’ म्हणायच्या ऐवजी ‘जातो’ म्हणाला, तो गेलाच, आणि वाट पाहता पाहता बायकोचा दगड झाला. तेव्हापासून प्रत्येक प्रवासी खडकाला ‘येतो हं’ म्हणून निघायचा.

काकूच्या नवऱ्याची होडीही परतली नव्हती. ही गोष्ट मात्र तिने आजवर ऐकली नव्हती. आज ऐकली. सुई जाळ्यातच थांबली.

“अरे,” ती म्हणाली, “तुझे काका त्या दिवशी काय म्हणाले होते रे? मी भांडी घासत होते, माझं लक्षच नव्हतं. तू उंबऱ्यात होतास ना?”

“अगं बाई! म्हणजे खरी गोष्ट!” मालकांची बहीण आनंदली. “ह्या आजींना रोज इथेच बसवू या. सांगा ना, ‘जातो’च म्हणाले ना?”

गाइडला सगळं लख्ख आठवत होतं. काका काहीच म्हणाले नव्हते. काडेपेटी सापडत नाही म्हणून घरादाराला शिव्या देत निघून गेले होते.

“येतो म्हणाले, काकू. दोनदा म्हणाले.”

“मग दगड कशाने झाला?” बहिणीचा आवाज चढला.

“झालाच नाही, ताई. खडक आहे तो. गोष्ट मी रचलेली.”

“म्हणजे आम्हाला बनवलंत! दादाला सांगतेच.”

लोक धुसफुसत बसकडे वळले. काकूने पुन्हा सुई चालवायला घेतली.

“दोनदा?” ती खाली मानेनेच म्हणाली. “त्या माणसाने जन्मात कुठली गोष्ट दोनदा सांगितली नाही.” मग दोरा दातांनी तोडला. “पण असेल. त्या दिवशी म्हणाले असतील.”

“येतो, काकू.”

“न येऊन जातोस कुठे? खुर्ची गेली ना तुझी?”

तो हसला. बसच्या पायरीवर चढताना डाव्या टाचेतून कळ निघाली. बहिणीला तक्रार मिळाली, काकूला दोन ‘येतो’ मिळाले. भरपाई टाचांनी करायची होती, उद्या सकाळपासून.