भिंगरीचं वाक्य

तिसरीच्या वर्गात इंग्रजीचा तास चेंडूने सुरू व्हायचा. बाई चेंडू टाकायच्या, ज्याच्या हातात तो पडेल त्याने इंग्रजीत एक वाक्य बोलायचं आणि चेंडू पुढे टाकायचा. पाच-सात मिनिटांत पोरांचा आळस पळायचा, तोंडं मोकळी व्हायची. तास संपतानाही एक खेळ असायचा. त्या दिवशीचं सगळ्यात छान वाक्य ज्याचं, त्याने दाराशी उभं राहायचं, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने त्याला टाळी देत तेच वाक्य म्हणायचं. दोन्ही खेळ बाईंनी स्वतः बसवले होते. त्यांची एवढी वाहवा झाली होती, की एके दिवशी दुसऱ्या शाळेतल्या दोन शिक्षिका मुद्दाम हा तास बघायला मागच्या बाकावर येऊन बसल्या होत्या.

विषय होता घरातली माणसं. आई काय करते, बाबा काय करतात, ते घरी विचारून या, असं बाईंनी आदल्या आठवड्यातच सांगून ठेवलं होतं. चेंडू फिरत फिरत भिंगरीकडे गेला. मुलगी एका जागी कधी टिकायची नाही, म्हणून वर्गात तिचं हेच नाव पडलं होतं. आज मात्र ती चेंडू पोटाशी धरून सरळ उभी राहिली आणि एकेक शब्द जपून ठेवावा तशी म्हणाली, "माय फादर वॉज अ ड्रायव्हर."

"इज," बाई हसून म्हणाल्या. "माय फादर इज अ ड्रायव्हर."

 बाईंचं अर्धं लक्ष मागच्या बाकाकडे होतं. त्यांनी पुन्हा, जरा मोठ्याने सांगितलं, इज. भिंगरी त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. मग तिने ते वाक्य बाईंना हवं तसं म्हटलं. बाईंनी तिची पाठ थोपटली, आणि चूक किती पटकन सुधारली म्हणून तास संपताना तिलाच दाराशी उभं केलं. सगळा वर्ग तिच्या हातावर टाळी देत, तिचे वडील ड्रायव्हर आहेत असं म्हणत बाहेर पडला.

पाहुण्या कौतुक करून गेल्या. बाई शिक्षकांच्या खोलीत खुशीत चहा ओतत होत्या. चित्रकलेच्या बाई जवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, की दारातलं ते वाक्य त्यांनी जाता जाता ऐकलं. त्या मुलीचे वडील उन्हाळ्याच्या सुट्टीत वारले ना?

बाईंनी किटली खाली ठेवली. शाळा उघडली त्याच दिवशी बैठकीत हे सगळ्यांना सांगितलं होतं. त्यांनीही ऐकलं होतं, अरेरे म्हटलं होतं आणि मग वेळापत्रकात डोकं घातलं होतं. भिंगरी मुळात चुकलीच नव्हती. तिसरीत अजून न शिकवलेला शब्द तिने बरोबर वापरला होता आणि बाईंनी तो तिच्या तोंडातून काढून घेतला होता.

संध्याकाळी त्या तिच्या घरी गेल्या. भिंगरीची आई लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायची; नुकतीच घरी येऊन पाय पसरून बसली होती. बाईंना बघून ती गडबडीने उठली, खुर्ची पुसून पुढे केली. बाईंनी उभ्यानेच सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं. मग तिने सांगितलं, की पोरीने तो शब्द मावशीला विचारून घेतला होता आणि आठवडाभर घोकत होती.

"आज आल्या आल्या म्हणाली," आई म्हणाली, "इंग्रजीत माणूस गेला तरी आहे असंच म्हणतात, बाईंनी सांगितलं. मला वाटलं, असेल त्या भाषेत तसं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं ऐकून."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक तशीच ठेवावी आणि निघून जावं, असंही क्षणभर मनात आलं. पण आतल्या खोलीच्या दारात भिंगरी उभी होती. बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"तुझं वाक्य बरोबर होतं. वॉजच बरोबर. मी चुकले."

भिंगरीने जरा विचार केला. "म्हणजे बाबा परत होते झाले?"

 बाईंच्या आधी आईच म्हणाली, "हो बाळा," आणि तिला कुशीत ओढलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गाला सांगितलं, की कालचं दारातलं वाक्य त्यांनीच चुकीचं करून घेतलं होतं, भिंगरीचं आधीचं बरोबर होतं. एकाने विचारलं, मग आता परत म्हणायचं का? बाई नाही म्हणाल्या. घरातली माणसं हा विषय त्यांनी त्यानंतर खेळात घेतला नाही. चित्रकलेच्या बाई त्यांना समजावायच्या, की कामाच्या धांदलीत कुणाच्याही हातून असं होतं. भिंगरीच्या आईनेही कधी ब्र काढला नाही. शाळेच्या फाटकाशी भेटली की हसायची. त्या हसण्याने बाईंना जास्तच खाली मान घालावी लागायची.

भिंगरी मात्र कितीतरी दिवस चेंडू हातात पडला, की काही न बोलता शेजारच्याकडे सरकवून द्यायची. बाईंनी तिला एकदाही टोकलं नाही. सहामाही परीक्षा होऊन गेल्यावर एका सकाळी तिने चेंडू धरून ठेवला आणि म्हणाली, "माय मदर इज टायर्ड."

वाक्य अगदी बरोबर होतं. पोरं सवयीने बाईंच्या "व्हेरी गुड"ची वाट बघत होती. बाईंना ते म्हणवेना. त्यांनी मान डोलावली, आणि तासानंतर, तिच्या आईला निवांत भेटायला जायचं म्हणून, लाँड्रीला सुट्टी कधी असते, ते भिंगरीला विचारून घेतलं.