तुफानची उलटी प्रदक्षिणा

नागावच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आमची वाडी. ऑगस्टमधल्या त्या रविवारी भावकीतल्या सदूच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध शेंदूर फासलेला दगड, आणि त्याभोवती सदूचा घोडा तुफान झोकांड्या खात फेऱ्या मारत होता. एरवी हाच घोडा किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायचा. आता तो मधेच थांबे आणि शेजारच्या देवळाच्या भिंतीला कपाळ लावून उभा राही. दात करकर वाजत होते.

"नामजप चाललाय त्याचा!" सुजितबाबा ओरडला. "देव उतरलाय तुफानात. परदक्षिना घालतो, माथा टेकतो. आनि तुमी मानसं असून नुसतं मोबाईल धरून उभे!"

हा सुजितबाबा म्हणजे मे महिन्यापर्यंत लोकांना बनाना राईडच्या रबरी बोटीवर बसवून समुद्रात पाडणारा सुजित. पावसाळ्यात धंदा बंद, म्हणून अंगात आलं. लोकांना पाडायची सवय जुनीच. घोडा आधीच गोल फिरत होता, दगड सुजितनं नंतर आणून मधे ठेवला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी गुरांच्या दवाखान्यात तीस वर्षं ड्रेसर आहे, आजारी जनावर मला कळतं. पण भावकीत वाईट कोण होणार? मीही चप्पल काढून उभा राहिलो.

सदूची आठ वर्षांची नात साक्षी तेवढी बोलली. "आजा, तुफान उलटा का फिरतोय? देवाला आपन उजव्या हाताला ठेवतो ना?"

"गप ग," सदू म्हणाला.

बुधवारी मला राहवेना. आमच्या डॉक्टर कोकिळा म्हात्रेंना घेऊन आलो. त्यांनी आधी हातमोजे चढवले. घोडा पिसाळलेलाही असू शकतो, त्याच्या लाळेला कुणी हात लावू नका, म्हणाल्या. सुजित आडवा आला.

"देवाला सुई टोचनार? वाडीवर कोप व्हईल!"

"देव आहे ना? मग त्याला देऊळ ओळखता येत असेल," डॉक्टर म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "याला परसात ने."

परसात सदूचा संडास. मी दोर सैल सोडला. तुफाननं दोन फेऱ्या मारल्या, डावीकडेच, आणि संडासाच्या भिंतीला कपाळ टेकून तो उभा राहिला. दात करकर चालूच.

लोक खो खो हसले. म्हाताऱ्या ठमाबाईला मात्र हसू आलं नाही. "डावीकडनं?" ती पुटपुटली. "बाय, डावीकडनं तर आपन सरनाभवती फिरतो."

"आजी, त्याचा मेंदू सुजलाय," डॉक्टर म्हणाल्या. "सूज एका बाजूला जास्त, म्हणून तो एकाच बाजूला वळतो. भिंतीला डोकं रेटतो तेही त्यामुळेच. भातखाचरातल्या डासांकडून येणारा मेंदूज्वर असावा. रक्त तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही." त्यांनी मानेच्या शिरेतून रक्त घेतलं. "घोड्याकडून तो माणसाला होत नाही. पण तेच डास माणसांनाही चावतात." बोलता बोलता त्या थांबल्या. "वाडीत कुणा पोराला ताप आहे का?"

मग सदूचा आवाज आला. "साक्षीला हाय. सोमवारपासनं. सुजितनं अंगारा लावलाय. नऊ दिवस डाक्टरकडं न्यायचं न्हाय, बोलला."

साक्षी आतल्या खोलीत पडली होती. कपाळभर अंगारा, डोळे फिरलेले, उजवा हात झटके देत होता. आम्ही तिला दवाखान्याच्याच गाडीत घालून अलिबागला नेलं. मागे वळून पाहिलं तेव्हा सुजित दगडाजवळ उभा होता.

शुक्रवारी तुफान मेला. तोवर सुजित पुन्हा बाबा झाला होता. समाधीसाठी खड्डा खणून झाला, भगवा झेंडाही आला. डॉक्टरांना तपासणीसाठी मेंदूचा नमुना हवा होता आणि सुजितची माणसं त्यांना जवळ येऊ देईनात. तेवढ्यात सदू अलिबागहून आला.

"समाधी न्हाय," तो म्हणाला. "डोकं काढा, तपासा. माज्या नातीनं इचारलं व्हतं. मी तिला गप केली."

तपासणीचा कागद आला. रक्तात त्या विषाणूच्या खुणा होत्या, मेंदूत खुद्द विषाणू सापडला. जपानी मेंदूज्वर. साक्षीच्या कागदावरही तेच नाव होतं. मग आरोग्य खात्याची माणसं आली, वाडीतल्या बाकीच्या पोरांना लस दिली, घरोघरी मच्छरदाण्या लागल्या. सुजित सप्टेंबरात परत किनाऱ्यावर गेला. लोक हौसेनं त्याच्या बनानावर बसतात.

साक्षी वाचली. उजवा पाय ओढत चालते, साधा शब्दही तिला लवकर सापडत नाही. घोडा वाकडा चालला तेव्हा साऱ्या वाडीनं हात जोडले. साक्षी वाकडी चालते तेव्हा लोक दुसरीकडे बघतात.

मला एवढंच सांगायचं आहे. जनावर वेगळं वागलं तर आधी गुरांचा डॉक्टर बोलवा. पोराला ताप चढला, पोर बरळू लागलं, तर अंगारा पुसा आणि गाडी काढा. आणि पोरानं "असं का?" विचारलं तर त्याला गप करू नका. सदू तरी अडाणी होता. मला सगळं कळत होतं, आणि मी चप्पल काढून उभा होतो.